आपल्या स्टिमची नोंदवही: हालचाली ओळखण्याची, लिहिण्याची आणि त्यांना नावे देण्याची पद्धत

ऑटिझमच्या मूल्यमापनासाठी गेलेल्या प्रौढ व्यक्तीला, किंवा मुलाला घेऊन गेलेल्या आईवडिलांना, एक प्रश्न हमखास विचारला जातो: "पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या काही हालचाली आहेत का?" प्रश्न साधा असला तरी उत्तर देताना बहुतेकांची पंचाईत होते. ज्या हालचाली आपण कळायला लागल्यापासून करत आलो त्या वेगळ्या आहेत हेच लक्षात आलेले नसते. आणि ज्या लक्षात आल्या त्या कोणीतरी टोकल्यामुळे आलेल्या असतात, म्हणून त्यांच्यासाठी आपल्याजवळ टोकणाऱ्यांचेच शब्द असतात: चुळबुळ, चाळे, अंगविक्षेप. मी तिशी उलटल्यावर या मूल्यमापनातून गेले आणि त्या निमित्ताने सुरू केलेली नोंदवही आजही वापरते. ती कशी ठेवावी, हे नुकतेच निदान झालेल्यांसाठी, निदानाच्या वाटेवर असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी येथे लिहिले आहे. सगळ्या पायऱ्यांमागे माझे एकच म्हणणे आहे: हालचालीचे वर्णन आधी करावे, अर्थ नंतर लावावा, आणि तो लावण्याचा पहिला हक्क ज्याच्या अंगात ती हालचाल आहे त्याचा मानावा.

१. चलनातले शब्द आधी माहीत करून घ्या

डॉक्टर, थेरपिस्ट, शाळा आणि ऑटिस्टिक माणसे एकाच गोष्टीसाठी निरनिराळे शब्द वापरतात. डॉक्टरांच्या अहवालात "स्टिरिओटिपी" किंवा "पुनरावृत्त वर्तन" असे लिहिलेले आढळेल. ऑटिस्टिक माणसे आपापसांत "स्टिम" आणि "स्टिमिंग" म्हणतात. हा शब्दही मुळात वैद्यकीय भाषेतल्या "सेल्फ-स्टिम्युलेटरी बिहेविअर"चेच लघुरूप आहे, पण तो आता त्यांनी आपलासा केला आहे. हात फडफडवण्याला फ्लॅपिंग, बसल्या जागी पुढे-मागे डुलण्याला रॉकिंग, येरझारा घालण्याला पेसिंग म्हणतात. गुणगुणणे, घशातून एकच स्वर काढत राहणे, जिभेने टकटक आवाज करणे हे व्होकल स्टिम. ऐकलेले वाक्य किंवा जाहिरातीतली ओळ जशीच्या तशी पुन्हा म्हणण्याला इकोलालिया हे नाव आहे. फिरत्या पंख्याकडे किंवा बादलीतल्या पाण्यावरच्या उजेडाकडे एकटक पाहणे हे व्हिज्युअल स्टिम होय, आणि नेमके तेच बहुतेक जण सांगायचे विसरतात, कारण त्यात हातपाय हलत नाहीत.

अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. तिच्यात पुनरावृत्त हालचालींबरोबर वस्तूंचा आणि बोलण्याचा तसाच वापरही एकत्र धरलेला आहे, आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांबद्दलची जास्त किंवा कमी संवेदनशीलताही तिने निदानाच्या निकषांत आणली. म्हणून आपल्या यादीत केवळ हातापायांच्या हालचाली लिहून थांबू नका.

घरगुती मराठीतही पुष्कळ शब्द पडून आहेत आणि ते वापरायला संकोच करू नये. "हाताला काहीतरी चाळा लागतो" हे वाक्य आपण सहज बोलतो. बट बोटाला गुंडाळणे, ओढणीचे टोक चुरगाळणे, अंगठी फिरवणे, मंगळसूत्राच्या वाट्या सरकवत राहणे, गोधडीचा काठ चोळत झोपणे ही वर्णने कोणालाही चटकन कळतात. ऑटिस्टिक नसलेली माणसेही यांतले बरेच काही करतात. फरक पडतो तो किती वेळा, किती तीव्रतेने आणि थांबवल्यावर काय होते यात, आणि ते पुढच्या पायऱ्यांत लिहायचे आहे.

२. जवळ काय ठेवावे

खिशात मावेल अशी वही आणि पेन पुरते. फोनवर लिहिणे सोपे जात असेल तर फोन चालेल. मूल्यमापनासाठी मात्र पुढील गोष्टी आधीपासून जमवायला घ्या, कारण त्या ऐन वेळी सापडत नाहीत:

– शाळेची जुनी प्रगतिपुस्तके. शेऱ्याच्या रकान्यातले "वर्गात स्वस्थ बसत नाही", "स्वतःच्या तंद्रीत असते" असे शब्द पुराव्यासारखे उपयोगी पडतात.
– लहानपणीचे फोटो आणि घरच्या समारंभांची चित्रफीत. बारशाच्या, मुंजीच्या, लग्नाच्या चित्रीकरणात मागे उभे असलेले मूल काय करत होते ते पाहा.
– तुमचे बालपण पाहिलेली एक व्यक्ती: आई, मावशी, आजी किंवा मोठा भाऊ.
– आधीचे वैद्यकीय अहवाल आणि सध्या चालू असलेल्या औषधांची यादी.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही काढायचे असेल तर आधार कार्ड आणि पासपोर्ट आकाराचे छायाचित्र तयार ठेवा. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ज्या २१ दिव्यांगत्वांचा समावेश आहे, त्यांत ऑटिझम आहे.

३. हालचाल जशी दिसते तशीच लिहा

पहिल्या टप्प्यात कारण, भावना, बरे-वाईट यांतले काहीही लिहू नका. शरीराचा कोणता भाग, कोणत्या दिशेने, कोणत्या लयीत आणि किती वेळ, एवढेच लिहा. "अस्वस्थ झाल्यावर विचित्र हातवारे करते" या वाक्यातून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

"उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या टोकाला, मग अनामिकेच्या, मधल्या बोटाच्या, तर्जनीच्या. तिथून उलट परत करंगळीपर्यंत. तर्जनीवर दाब जरा जास्त. हात पिशवीच्या बंदाआड. बँकेच्या रांगेत, नंबर येईपर्यंत."

येथे "पिशवीच्या बंदाआड" हे दोन शब्दांचे तपशील महत्त्वाचे ठरले. हालचाल लपवून केली जात होती हे त्यावरून समजते, आणि ते मला विचारून कोणाला कळले नसते.

या टप्प्यावर एक सापळा आहे. इंटरनेटवर स्टिमच्या लांबलचक याद्या मिळतात आणि त्या वाचून आपल्याला सगळेच लागू पडते असे वाटू लागते. यादी पाहायचीच असेल तर स्वतःची निदान दहा-बारा दिवसांची नोंद झाल्यावर पाहा, आणि यादीमुळे आठवलेल्या गोष्टीपुढे तशी खूण करा.

४. आधी काय होते आणि नंतर काय झाले ते लिहा

एकच हालचाल दोन अगदी उलट प्रसंगी होऊ शकते. माझे हात लग्नाच्या मांडवात बँड सुरू झाला की फडफडतात, आणि तव्यावरची पोळी टम्म फुगली तरी फडफडतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा हातच दिसतात. आतून पाहिले तर पहिल्या वेळी मनगटे ताठ असतात, कोपर अंगाला चिकटलेले असतात आणि दात आवळलेले असतात. दुसऱ्या वेळी मनगटे सैल असतात आणि टाचा उचललेल्या असतात. हे भेद नोंदीत आले की पुढचे अर्धे काम झालेले असते.

ऑटिस्टिक माणसांच्या स्टिमिंगविषयी त्यांनाच विचारून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये "ऑटिझम" या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ३२ ऑटिस्टिक प्रौढांच्या मुलाखती आणि गटचर्चा होत्या. तीव्र भावना किंवा विचार शांत करण्यासाठी, तसेच ते व्यक्त करण्यासाठी आपण स्टिम करतो, असे त्यांनी सांगितले, आणि स्टिमिंग घालवणे हेच उद्दिष्ट असलेल्या उपचारांना त्यांनी विरोध दर्शवला. टेम्पल ग्रँडिन या ऑटिस्टिक पशुविज्ञानतज्ज्ञ बाईंनी आपल्या बालपणाबद्दल लिहिताना वाळू बोटांतून सोडत तिचा कण न् कण न्याहाळण्याचे वर्णन केले आहे. त्या वेळी भोवतालचे जग बाहेर राहत असे. शांत होणे, आनंद मावेनासा होणे, विचार पुढे सरकवणे, नको तो आवाज बाहेर ठेवणे ही सगळी कामे स्टिमची असू शकतात, त्यामुळे "ताण आला" या एकाच उत्तरावर थांबू नये.

बऱ्याच ऑटिस्टिक माणसांना आपल्याला काय वाटते आहे हे शब्दांत सांगणे अवघड जाते. "त्या वेळी कसे वाटत होते?" या रकान्यात काहीच सुचत नसेल तर भावनेचे नाव शोधत बसू नका. त्याऐवजी शरीरातल्या खुणा लिहा: कान तापले होते का, पोटात गोळा आला होता का, तहान लागली होती का, अंगातला कपडा टोचत होता का. भोवतालचेही लिहा: मिक्सर चालू होता, ट्यूबलाइट घूं करत होती, तीन माणसे एकदम बोलत होती. मग हालचालीनंतर त्यांतले काय बदलले ते. माझ्या बँकेतल्या नोंदीपुढे इतकेच आहे: "आवाज तेवढाच, पण माझ्यापासून लांब गेला." भावनेचा एकही शब्द नाही, तरी काम झाले.

काही हालचालींच्या आधी काहीच सापडणार नाही. तो रकाना मोकळा सोडा. ओढूनताणून लावलेले कारण रिकाम्या रकान्यापेक्षा जास्त नुकसान करते, कारण पुढे सगळे जण त्या कारणाच्याच मागे लागतात.

५. दडपलेल्या हालचाली शोधा

प्रौढांच्या बाबतीत, आणि मुलींच्या बाबतीत विशेषच, ही पायरी सर्वांत जड जाते. "हाताची घडी, तोंडावर बोट" या हुकमावर आपल्या पिढ्यान् पिढ्या शाळेत बसल्या. बसल्या बसल्या पाय हलवले तर घरातली लक्ष्मी जाते, बोटे मोडली तर दारिद्र्य येते, असे सांगणारी वडीलधारी माणसेही घराघरांत होती. त्यांच्यावर राग धरण्याचे कारण नाही, पण परिणाम तपासायला हवा. थांबवलेली हालचाल बहुधा नाहीशी होत नाही. ती लहान होते, लपते किंवा जागा बदलते. पाय हलवणे बंद झाले की बुटाच्या आत पायाची बोटे दुमडली जातात. गुणगुणणे बंद झाले की गालाचा आतला भाग दातांखाली येतो. डुलणे बंद झाले की माणूस झोपाळा सोडायला तयार होत नाही, आणि झोपाळा घरोघरी असल्यामुळे ते कोणाच्या डोळ्यांवरही येत नाही.

शोधण्यासाठी स्वतःला असे प्रश्न विचारा. दार लावून एकटे असताना शरीर काय करते? पाहुणे गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय होते? सभेत किंवा लोकलच्या गर्दीत कोणता स्नायू सतत आवळलेला असतो? लहानपणी कशावरून ओरडा बसत असे? शेवटचा प्रश्न घरातल्या मोठ्यांना विचारताना "मी काही विचित्र करायचे का?" असे विचारू नका, कारण "छे, तू अगदी गुणी होतीस" हे उत्तर ठरलेले आहे. "मी टीव्ही बघताना कशी बसायचे?", "झोपताना हातात काय लागायचे?" असे विचारलेत की गोष्टी निघतात.

दडपण्यासाठी किती शक्ती जाते तेही लिहा. दिवसभर कार्यालयात स्तब्ध बसून आल्यावर संध्याकाळी बोलवत नाही, जेवण बनवायला उठवत नाही, असे होत असेल तर ती नोंद त्याच पानावर हवी.

६. स्टिम नसलेले वेगळे काढा

येथे काळजी घ्यावी लागते, कारण प्रत्येक पुनरावृत्त हालचाल स्टिम नसते. टिक, म्हणजे डोळे मिचकावणे किंवा मान झटकणे अशी आवरायला कठीण जाणारी हालचाल, झटक्यासारखी, अचानक येते. शिंकेआधी नाकात व्हावे तशी जाणीव तिच्याआधी होते, आणि ती काही महिन्यांनी डोळ्यांवरून मानेकडे, मानेवरून खांद्याकडे अशी जागा बदलत राहते. स्टिम बहुधा लयबद्ध असतो, फार लहान वयात सुरू होतो, वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि करणाऱ्याला बरा वाटतो. "हे केले नाही तर काहीतरी वाईट होईल" अशा भीतीपोटी केलेली कृती वेगळ्या सदरात जाते. तिच्याबद्दल मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. एकाच माणसात हे सगळे एकत्रही असू शकते.

तीन परिस्थितींत नोंदी करत न बसता डॉक्टर गाठा. हालचालीच्या वेळी हाक ऐकू येत नसेल, शुद्ध हरपत असेल किंवा नंतर काही आठवत नसेल तर फिट्सची तपासणी करून घ्यावी, कारण ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. रिस्पेरिडोनसारखे औषध सुरू केल्यावर किंवा त्याचा डोस बदलल्यावर बसवत नाही, उभे राहवत नाही अशी नवी तगमग सुरू झाली असेल तर तो औषधाचा परिणाम असू शकतो; औषध आपल्या मनाने बंद न करता लगेच कळवा. आणि डोके आपटणे, हाताला चावणे असे इजा करणारे वर्तन नव्याने सुरू झाले किंवा एकाएकी वाढले तर आधी शारीरिक दुखणे पाहा: दात, कान, बद्धकोष्ठता, मुलींमध्ये पाळी. न बोलणाऱ्या मुलाला "दात दुखतो" असे सांगण्याचा दुसरा मार्ग कदाचित नसेल.

इजा करणाऱ्या स्टिमसाठी नुसती बंदी चालत नाही, बदली लागते, आणि ती त्याच संवेदनेची लागते. चावणाऱ्याला चावण्याजोगी सुरक्षित वस्तू द्यावी, दाब शोधणाऱ्याला जड गोधडी किंवा घट्ट मिठी द्यावी, तीही त्याला हवी असेल तर. चावणाऱ्याच्या हातात स्पंजचा चेंडू देऊन "याने शांत हो" म्हणण्याचा काही उपयोग होत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जाताना म्हणूनच तिसऱ्या पायरीतले कोरडे वर्णन घेऊन जावे.

७. आता नाव द्या

नाव देण्याचा उद्देश इतकाच की प्रत्येक वेळी पूर्ण वर्णन सांगावे लागू नये. नाव छोटे असावे, चारचौघांत उच्चारता यावे आणि त्यात निंदा नसावी. शक्य असेल तर हालचालीच्या रूपापेक्षा तिच्या कामावरून ते ठेवा. माझी बोटांची हालचाल "मोजणी" आहे. हातांची आनंदी फडफड "टम्म" आहे, पोळीवरून. आणि मांडवातली "बँड". घरात आता "बँड का?" एवढे विचारले जाते आणि मी मान हलवली की आम्ही बाहेरच्या ओट्यावर जातो. दोन्हींना फडफड हे एकच नाव ठेवले असते तर ही सोय झाली नसती.

मुलासाठी नाव ठेवताना पालकांनी जपून राहावे. मूल बोलत असेल तर त्यालाच विचारा, आणि त्याने दिलेले नाव अर्थहीन वाटले तरी बदलू नका. मूल बोलत नसेल तर तुमचे नाव हा अंदाज आहे असे वहीत स्पष्ट लिहा. चित्रकार्डे किंवा बोलणारे अॅप वापरत असेल तर त्यात त्या हालचालीचे चित्र घाला आणि ते मूल कधी निवडते यावर लक्ष ठेवा. मामा-काकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलाच्या स्टिमची चित्रफीत टाकू नका. थेरपिस्टला दाखवायला केलेले चित्रीकरण तेवढ्यापुरतेच ठेवावे.

८. मूल्यमापनाच्या वेळी

भारतात प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी इसा (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही ऑटिझमची मापनश्रेणी सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली. तिच्यात सहा विभागांत मिळून ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण दिले जातात. ते गुण ती गोष्ट किती प्रमाणात आढळते त्यावरून ठरतात: २० टक्क्यांपर्यंत असेल तर १, ८० टक्क्यांच्या वर असेल तर ५. हालचाली, वस्तूंची ओढ, तीच तीच वाक्ये, विचित्र आवाज, वास घेऊन किंवा चाटून पाहणे हे वेगवेगळ्या मुद्द्यांत विखुरलेले आहे. त्यामुळे "हो, कधी कधी करते" हे उत्तर तुमच्या विरोधात जाऊ शकते. वहीतून मोजून सांगा: आठवड्यातले किती दिवस, दिवसातून किती वेळा, घरी किती आणि बाहेर किती. बाहेर दडपले जात असेल तर ते आपण होऊन सांगा, कारण तपासणीच्या खोलीत तुम्ही बाहेरच असता. अर्ध्या तासाच्या भेटीत स्टिम दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरवणारे तज्ज्ञही भेटतात. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा नोंदींची प्रत फाइलला जोडण्याची विनंती करावी.

अर्थ सांगण्याची घाई येथेही नको. आधी वर्णन वाचून दाखवा, मग आधी-नंतरचे रकाने, आणि विचारले तरच तुमचे मत.

९. शाळेत आणि कार्यालयात किती सांगावे

सगळी वही कोणालाही दाखवू नये. शाळेसाठी एक पान पुष्कळ झाले, आणि त्यात प्रत्येक स्टिमपुढे शिक्षकांनी काय करावे हे असावे. नमुना असा: "माझी मुलगी ऐकताना डुलते. त्या वेळी तिचे लक्ष असते. तिला थांबवू नये. मागच्या मुलांना अडचण होत असेल तर तिला कडेच्या बाकावर बसवावे. ती कान झाकून एकच स्वर काढू लागली तर तिला दहा मिनिटे वर्गाबाहेर शांत जागी बसू द्यावे." शासकीय किंवा मान्यताप्राप्त शाळेने दिव्यांग विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, अशी तरतूद २०१६ च्या कायद्यात आहे, तिचा उल्लेख पत्राच्या शेवटी एका ओळीत करावा, सुरुवातीला नको. सुरुवातीलाच कायदा आला की मुख्याध्यापक पुढचे वाचत नाहीत.

कार्यालयात तर निदान सांगायचे की नाही हा आधीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर जागेजागी वेगळे. निदान न सांगताही बरेच साधते: "बैठकीत हातात काहीतरी असले की मला नीट ऐकता येते" किंवा "फोनवर बोलताना मी फेऱ्या मारते, म्हणून बाहेरच्या पॅसेजमध्ये जाते" या वाक्यांवर सहसा कोणी हरकत घेत नाही. शासकीय आस्थापनेत दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोय देणे बंधनकारक आहे. तिथे मागणी लेखी द्यावी आणि पोहोच घ्यावी.

१०. नोंदी चालू ठेवा

नोकरी, घर किंवा गाव बदलले, बाळंतपण झाले, मोठे आजारपण आले की स्टिम बदलतात. जुने परत येतात, काही सुटतात, आणि एखाद्याचे काम बदलते पण रूप तेच राहते. दर पानावर तारीख टाका आणि जुनी पाने फाडू नका. नाव बदलले तर जुन्या नावापुढे नवे लिहा. मूळ वही स्वतःजवळ ठेवून बाहेर फक्त छायाप्रत द्या. प्रमाणपत्राचे नूतनीकरण किंवा दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायची वेळ आली की तीन-चार वर्षांपूर्वीच्या नोंदी मागितल्या जातात, आणि रुग्णालयात दिलेली फाइल तेव्हा हाती लागेलच याचा भरवसा नसतो.